दादाचं पान

माणूस वाईट नव्हता, हे आधीच लिहून टाकतो. पुढे माझ्या हातून काय काय लिहिलं जाईल याचा मला भरवसा नाही. मी त्याच्यावर जळायचो. सात वर्षं एका खोलीत बसून जळलो, आणि तो नोकरी सोडून गावी गेला तरी माझं जळणं काही गावी गेलं नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, दादा म्हणायचो. मनात मात्र अरे-तुरे चालायचं. इथे मनातलंच लिहितो आहे, म्हणून 'तो'.

आमचं ऑफिस गोंदियात, एका ठोक किराणा दुकानाच्या वर. जिन्यात कायम मिरचीचा खकाणा, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस शिंकतच वर यायचा. सेठजींचा धंदा एकच: राइस मिलांच्या धर्मकाट्यांवर लागणारा प्रोग्राम. भरलेला ट्रक काट्यावर येतो, वजन होतं. धान उतरवून तो रिकामा परत येतो, पुन्हा वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे धान. आमगावपासून कोहमाऱ्यापर्यंत पंचवीस-तीस काट्यांवर आमची यंत्रं होती. सगळी युनिक्सच्या जातीची, माउस नसलेली, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. धुळीत आणि कोंड्यात तीच टिकतात. मी नागपूरहून इंजिनीअर होऊन आलो होतो. तो केशोरीचा, घरी धानाची शेती, शिक्षण आयटीआय, वयानं माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. मला तो 'इंजिनीअरसाहेब' म्हणायचा, आणि त्यात टोमणा औषधालासुद्धा नसायचा. तेच जास्त लागायचं.

युनिक्समध्ये पहिल्यापासून एक चांगली रीत आहे. प्रत्येक आज्ञेबरोबर तिचं एक माहितीपान असतं. 'मॅन' असं टाइप करून पुढे आज्ञेचं नाव लिहिलं की पडद्यावर ते पान उघडतं: वर नाव, मग वापर कसा करायचा, मग वर्णन, आणि खाली दोष. स्पेस दाबली की पुढे, क्यू दाबलं की बाहेर. आम्ही शिकलेली माणसं ही पानं अडलं तरच उघडतो, आणि उघडली हे कोणाला सांगत नाही. हा मात्र सकाळी आल्या आल्या पानं वाचत बसायचा, म्हातारी माणसं पोथी वाचतात तसा. पाठ असलेली आज्ञासुद्धा आधी पान उघडून मगच चालवायचा.

मी एकदा विचारलं, "रोज तेच तेच काय वाचता?"

"रोज तोच भात खाता ना तुमी? मंग?"

सेठजींनी आम्हा दोघांना मोठे पडदे आणून दिले तेव्हा मी खूश झालो. त्यानं आपल्या पडद्याच्या मधोमध ऐंशी अक्षरं मावतील एवढी चौकट उघडली आणि उरलेल्या काचेवर काट्यांवरच्या ऑपरेटरांचे फोन नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या डिंकानं चिकटवून टाकल्या. "ऐंशी खाने पुरे होतेत," म्हणाला. "त्याच्याहून लंबी ओळ असली तं माणूस परत येता येता दुसऱ्याच ओळीत घुसते." माउस त्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला होता, गॅरंटीच्या कागदासकट. मला हे सगळं ढोंग वाटायचं. मग वाटायचं, ढोंग असतं तर सात वर्षांत एखाद दिवस तरी ते विसरला असता.

दोषांवर त्याचा फार जीव. "दोष लिवले नाईत ते पान झूट," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या भाचीला आमगावचं एक स्थळ आलं, तेव्हा मुलाचा बायोडाटा त्यानं ऑफिसात आणून माझ्यासमोर ठेवला. नाव, शिक्षण, उंची, शेती, सगळं छापलेलं. "पाहा ना जी, दोषच नाईत," तो म्हणाला. मला वाटलं गंमत करतो आहे. त्यानं मुलाच्या बापाला भर बैठकीत तेच विचारलं. बाप उठून उभा राहिला, बायकांनी तोंडाला पदर लावले, आणि स्थळ मोडल्यातच जमा झालं. तेवढ्यात मुलगाच बोलला, "मले राग लवकर येते. आन् उधारीवर सामान घेतो." भाचीनं आतून होकार कळवला. त्या लग्नाला मी गेलो होतो. दोघं सुखात दिसत होती, आणि मला त्याचाही राग आला. असल्या वेडेपणाचं वाटोळं व्हायला नको का?

आता माझं दुखणं सांगतो. मी आल्यावर पहिल्याच वर्षी प्रोग्रामचं एक माहितीपुस्तक तयार केलं होतं. चौसष्ट पानं, रंगीत, जागोजागी लाल बाण. तीन महिने घातले. सगळ्या ऑपरेटरांना मोबाइलवर पाठवलं. सगळ्यांनी अंगठे पाठवले. आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, "सर, दादा हायेत का?"

ते चार शब्द मी सात वर्षं ऐकले. फोन मी उचलायचो, विचारणा त्याची व्हायची. "काय अडलं, मला सांगा," म्हटलं तर पलीकडून, "नाई, दादाच पायजेत," असं यायचं, किंवा माझा मान राखायला, "काई नाई सर, मंग करतो." सेठजी पुढेमागे एकाला इन्चार्ज करणार हे आम्हाला ठाऊक होतं. पण खरं सांगतो, खुर्चीपेक्षा मला तो फोन हवा होता. एकदा तरी कोणी माझ्यासाठी फोन करावा.

ते त्यालाच विचारायचे याचं कारण त्यानं प्रोग्रामच्या प्रत्येक आज्ञेचं पान लिहून काट्यावरच्या यंत्रात घालून ठेवलं होतं. तेही आपल्या बोलीत. ऑपरेटर यंत्रासमोरून न उठता 'मॅन काटा' टाइप करायचा आणि पडद्यावर दादा बोलायला लागायचा. "आधी पाय, गाडीचे चाकं सारे काट्यावर हायेत का. नसतीन तं डायवरले सांग. लाजू नोको." हे त्याचं वर्णन. माझ्या पुस्तकात त्या जागी 'वाहनाची स्थिती सुनिश्चित करावी' असं होतं.

ही पानं सरळ टाइप करून होत नाहीत. ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन हुकूम लिहायचे: इथे मथळा, इथे नवा परिच्छेद, इथून जाड अक्षर. मांडणी करणारा प्रोग्राम ते हुकूम वाचून पान रचतो आणि हुकूम स्वतः कुठे दिसत नाहीत. इंग्रजीत हे बिनबोभाट चालतं. आमच्या यंत्रांवर मराठीत भानगड व्हायची, कारण प्रोग्राम काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकाला वेगळं घर धरून मोजायचा. ऐंशी भरले असं समजून ओळ तोडायचा तेव्हा पडद्यावर पन्नाससुद्धा झालेले नसायचे. शिवाय दोन्ही काठ सरळ दिसावेत म्हणून शब्दांमध्ये रिकाम्या जागा सोडायचा. त्यानं ती सोय बंद केली आणि प्रत्येक ओळ स्वतः तोडली. काचेवर बोट ठेवून घरं मोजायचा. एका पानाला आठ-आठ दिवस लागायचे.

"उजवीकडचा काठ वाकडातिकडा दिसतो," मी म्हणालो.

"धानाच्या बांधीचा बांध कोठी सरळ रायते? पानी तं थांबतेच ना."

मी तरीही त्याच्या हुकुमांचं शास्त्र शिकलो, चोरून. एका रोवणीच्या हंगामात तो सुटीवर होता आणि सेठजींना ती पानं कागदावर हवी होती. म्हटलं, चला, आपली पाळी. पडद्यावर जाणारं सगळं मी तसंच्या तसं फाइलीत पकडलं, माझ्या संगणकावर उघडलं, चांगल्या कागदावर छापलं आणि वाचून न पाहता सेठजींच्या टेबलावर ठेवलं. जुन्या रीतीनं जाड अक्षर करायचं म्हणजे एकदा अक्षर उमटवायचं, एक घर मागे यायचं आणि त्यावरच पुन्हा तेच उमटवायचं. फाइलीत मागे येणं उरतं नावापुरतं, अक्षरं मात्र दोन्ही उरतात. माझ्या कागदावर 'काटा'चं 'ककााटटाा' झालं होतं, आणि असे मथळे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत.

सेठजींनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "अरे भाई, ये हकला क्यों रहा है?"

दोन दिवसांनी तो परत आला. चिखलानं फाटलेली बोटं तशीच. माझे कागद पाहिले, हसला नाही. काट्याच्या पावत्या छापायचा जुना खडखड्या प्रिंटर जोडून तीच फाइल त्यानं त्यावर सोडली. प्रिंटरची सुई टकटक करत प्रत्येक मथळ्यापाशी खरोखरच मागे यायची आणि पुन्हा ठोकायची. सुरेख जाड अक्षरं उमटली. "तुमचं चुकलं नोतं, साहेब," तो म्हणाला. "कागद चुकीचा होता." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. हसला असता तर गेलं असतं.

त्यानंतरची गोष्ट लिहायला मी टाळाटाळ करतो आहे, पण ती टाळली तर हे पान झूट.

प्रोग्राममध्ये 'बंद' नावाची आज्ञा होती. दिवसाचं काम संपलं की ती चालवायची. तिच्यात एक खोट होती: भरलेलं वजन झालेली गाडी आवारात उभी असताना ती चालवली तर त्या गाडीचं वजन पुसलं जायचं. तो भाग मी लिहिला होता. खोट माझी. दुरुस्त करतो, करतो, म्हणत मी दोन हंगाम घालवले होते. त्यानं 'बंद'च्या पानावर, दोषांखाली, जाड अक्षरात लिहिलं: "आवारात भरली गाडी उभी असन तं हे चालवू नोको. वजन पुसून जाते. चूक माह्यावाली हाय, सुधरवून राहिलो."

चूक माह्यावाली! मी त्याला विचारलंसुद्धा, की तुमची कशी? तर म्हणाला, "तिकडे कोन पाहून राहिलं, कोनाची? गाडी वाचली पायजे." आणि झालं काय, तर ती ओळ काट्या-काट्यांवर लोकांच्या तोंडी बसली. चहा उशिरा आला की चहावाला म्हणायचा, "सुधरवून राहिलो." ड्रायव्हर उशिरा आला की तेच. दादा कसा मनमोकळा, आपली चूक आपण सांगतो, असं कौतुक मी माझ्या कानांनी ऐकलं. माझ्या हातची चूकसुद्धा त्याच्या नावावर जमा झाली आणि वरून तिला शाबासकी मिळाली. हे मला सोसलं नाही.

त्याच सुमारास एक मोठा मिलवाला प्रोग्राम पाहायला येणार होता. सेठजी सहज बोलून गेले, "अपनी गलती छापके कौन बेचता है?" मला तेवढं निमित्त पुरलं. पानाच्या मूळ फाइलीत ओळीच्या आधी टिंब, उलटी तिरकी रेघ आणि अवतरणचिन्ह अशी तीन चिन्हं घातली, की ती ओळ फाइलीत राहते पण पडद्यावर येत नाही. दोषाच्या तिन्ही ओळींना मी ती तीन-तीन चिन्हं लावली. मिलवाला शनिवारी येऊन गेला. सोमवारी पानं आपोआप सगळ्या काट्यांवर जायची, ती गेली. चिन्हं काढायला विसरलो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

कोहमाऱ्याच्या काट्यावर त्या हंगामात एक ताई नवीन लागली होती. बारावी झालेली, सासर तिथलंच, सगळं काम पानं वाचून शिकलेली. बुधवारी संध्याकाळी मिलच्या मुनिमानं "आज लवकर बंद करा," म्हटलं. तिनं रीतीप्रमाणे पान उघडलं, शेवटपर्यंत वाचलं, त्यात होतं तसं केलं. आवारात वजन झालेल्या अकरा भरल्या गाड्या होत्या. चूक कळली तोवर धान उतरून ढिगात मिसळलेलं, गाड्या रिकाम्या, आणि भरलेल्या वजनांची नोंद नाही. धान कोणाचं किती आलं हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. शेतकरी काट्याच्या खोलीला गराडा घालून उभे राहिले आणि मालक तिला तिथल्या तिथे काढायला निघाला.

गोंदियाहून तो मोटारसायकलनं गेला. दोन दिवस त्या खोलीत बसून वजनयंत्राच्या कच्च्या नोंदींतून त्यानं नऊ गाड्यांची वजनं शोधून काढली. दोन सापडली नाहीत. ती मालकानं शेतकऱ्यांच्या शब्दावर मान्य केली. मग मालक आमच्या ऑफिसात येऊन सेठजींसमोर बसला. मीही होतो.

"बाई बिनडोक आहे," मालक म्हणाला.

"बाईनं पानात होतं तसंच केलं जी," तो म्हणाला. "पानात दोष लिवला पायजे होता. पान माह्यावालं हाय. तिले काऊन काढता?"

मला बोलायला पुष्कळ वेळ होता. पंखा फिरत होता, सेठजी पेनाचं टोपण उघडझाप करत होते, आणि मी माझ्या नखांकडे पाहत बसलो.

ताईची नोकरी राहिली. मालकानं अट घातली, की हा माणूस आपल्या कामाला नको. पुढच्या महिन्यात इन्चार्ज मी झालो.

त्याला कळलं होतं. मालक गेल्यावर त्यानं ती फाइल उघडली, तेव्हा मी समोरच होतो. काचेवरून सरकणारं त्याचं बोट ओळीच्या सुरुवातीला थांबलं. त्यानं चिन्हं एकेक करून पुसली, पान सगळ्या काट्यांवर पाठवलं आणि उठला. "इंजिनीअरसाहेब, चाय सांगू का?" एवढंच. तो भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर माझीही सुटका झाली असती. हंगाम संपल्यावर "धाकट्याले शेती एकट्यानं झेपत नाई," असं सांगून तो केशोरीला निघून गेला. काचेवरच्या चिठ्ठ्या खरवडून काढायला मला अर्धा दिवस लागला.

'बंद'मधली खोट मी यंदा दुरुस्त केली. आता भरली गाडी आवारात असेल तर ती आज्ञा चालतच नाही. मग तिचं पान नव्यानं लिहावं लागलं. बारा दिवस लागले. ऐंशी घरांत, बोट काचेवर ठेवून, एकेक ओळ हातानं तोडून लिहिलं. बोली जमते का म्हणून आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "तू कवापासून असा बोलाले लागला?" चूक कोणाची होती, कधीची होती, काय नुकसान झालं, सगळं दोषांखाली घातलं. माझ्या नावासकट घातलं, पण पानाच्या अगदी तळाशी.

गेल्या आठवड्यात दुपारी कोहमाऱ्याहून ताईचा फोन आला. आता ती तिथली जुनी ऑपरेटर आहे, नवीन लोकांना तीच शिकवते.

"सर, बंदचं नवीन पान आलं ना! एका वाचण्यात समजलं. पोरींले वाचून दाखवलं तं हसून हसून पुरे झाल्या." तिचा आवाज नुसता फुलला होता. "म्या मनलं, दादा गावाले गेले तरी आमाले विसरले नाई. त्याईच्याशिवाय कोनी लिवतच नाई असं."

"तळापर्यंत वाचलं?" मी विचारलं.

"समजलं तिथं क्यू दाबलं. तुमी दादाले सांगजा सर, लय मस्त लिवलं मनून. सांगान ना?"

पान माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर पान तेच राहिलं असतं आणि तिचा आवाज बदलला असता. 'हो का सर, बरं हाये,' असं काहीतरी ती मान राखायला म्हणाली असती. म्हणून मी मधे बोललो नाही. ती आणखी थोडा वेळ पानाबद्दल बोलत राहिली आणि मी फोन कानाला घट्ट धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"सांगतो," म्हणालो.

केशोरीचा नंबर माझ्याकडे आहे. आठवडा झाला. मी त्याला सांगितलेलं नाही.